झरीना जहाजावरची लाल चिंधी

"माझ्या दादाजानला गाव खुनी म्हणायलं, मॅडम. मेलेल्या माणसाला! तीस वर्षं झाली त्यांना जाऊन."

आसिफा एका दमात बोलून गेली आणि मग खुर्चीत बसली. वय सत्तावीस. जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. तिथून थेट स्कूटीवर ती शहरातल्या मस्तगड भागातल्या या माडीवर आली होती. डोळे रडून सुजले होते, पण आवाज ठाम होता.

समोर प्रभावती दाभाडे बसल्या होत्या. भूमी अभिलेख कार्यालयात तीस वर्षं लोकांच्या भावकीचे जुने कागद चाळून झाल्यावर त्यांनी हा खाजगी तपासाचा उद्योग सुरू केला होता. शेजारी त्यांचे दीर भागवत. रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले, अंगानं भक्कम, मनानं भोळे आणि डोक्यानं, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "जरा सावकाश."

"पाणी पी आधी," प्रभावतीबाई म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांग. भाऊजी, भज्यांची पुडी बाजूला ठेवा."

आसिफानं सांगितलं. तिचं गाव राजूरजवळची तांबेवाडी. आजोबा ख्वाजामियाँ तरुणपणी मुंबईला गेले आणि 'झरीना' नावाच्या प्रवासी जहाजावर भटारखान्यात लागले. दुसरं महायुद्ध पेटलं. सरकारनं जहाज ताब्यात घेतलं आणि त्यातून फौजा न्यायला सुरुवात केली. एका खेपेला त्याच जहाजात शिपाई म्हणून चढला तो गावातलाच कचरू, ख्वाजामियाँचा जिवलग. त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत, बसऱ्याच्या वाटेवर, जहाजाला टॉर्पेडो लागला. कचरू बुडाला. ख्वाजामियाँ वाचले.

"दादाजाननं त्याला वाचवायची पराकाष्ठा केली, असं सगळं गाव सांगतं. ते परत आले, पुढे शाळेला जमीन दिली. आता गावात वाचनालय झालंय. त्याला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. रविवारी पाटी लागणार. आणि चार दिवसांपूर्वी हे निघालं."

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. पिवळ्या पडलेल्या कागदावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

'मी झरीना जहाजावरचा एक शिपाई. नाव सांगत नाही. मुंबईच्या गोदीत ते पांढरंशुभ्र जहाज पाहून कचरू चकित झाला. दोन पिवळी धुराडी, पुढे मोठ्या अक्षरांत नाव. जहाज बुडालं तेव्हा कचरूच्या अंगात तरंगायचं बुचाचं जाकीट होतं. त्याची एक नाडी तुटली होती, तिथं त्यानं लाल चिंधी बांधली होती. कचरूला पोहता येत नव्हतं. ख्वाजाला येत होतं. तरी ख्वाजानं ते जाकीट त्याच्या अंगातून ओढून काढलं आणि स्वतः घातलं. मी डोळ्यांनी पाहिलं. गावानं ख्वाजाचं नाव कुठेही लिहू नये.'

"बाप रे!" भागवत म्हणाले. हातातलं भजं हातातच राहिलं.

"सापडलं कुठं?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"कचरूच्या घरी. त्याच्या पत्र्याच्या पेटीत. वर्षातून एकदाच उघडतात ती, जहाज बुडालं त्या दिवशी, अकरा फेब्रुवारीला. आमच्या घरचं माणूस त्या दिवशी नवं पांढरं कापड नेऊन कचरूच्या वस्तूंवर घालतं आणि जुनं परत आणतं. आधी दादाजान न्यायचे. त्यांच्यामागे माझी फुप्पी, म्हणजे आत्या, नेते. यंदा आठवड्याभरातच पेटी दुसऱ्यांदा उघडली, पाटीसाठी कचरूचा फोटो पाहिजे होता म्हणून. कापडाच्या घडीतून हे पडलं." आसिफानं ओढणीनं नाक पुसलं. "मॅडम, दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालंय. ऐंशी वर्षांत कधी झालं नव्हतं. माझे आईवडील लहानपणीच गेले, फुप्पीनं दादाजानच्या गोष्टी सांगून सांगून मला वाढवलं. हे पत्र खोटं आहे. रविवारच्या आत तेवढं सिद्ध करून द्या."

"आणि खरं निघालं तर?"

"निघणारच न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतांच्या मोटरसायकलवरून दोघं तांबेवाडीला पोचले. वाटेत राजूरला गणपतीला हात जोडायला भागवतांनी गाडी थांबवली आणि दोन प्लेट पोहे खाऊन पुढे निघाले.

"वहिनी, कागद तपासायला पाठवायचा का? शाई, बिई?"

"जुन्या वहीचं मागचं कोरं पान आहे ते, भाऊजी. असली पानं तुमच्याही घरी पन्नास सापडतील. कागद जुना म्हणून मजकूर जुना होत नाही. शेवटचं वाक्य वाचलंत ना?"

"'नाव कुठेही लिहू नये.'"

"ऐंशी वर्षांपूर्वीच्या शिपायाला आजच्या पाटीची काळजी कशाला?"

भागवतांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं की नाही ते देवालाच ठाऊक.

आसिफाच्या फुप्पी अजीजुन्निसा त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या. गावातलं अर्धं तरुण पोर त्यांच्या हातची छडी खाल्लेलं. चहा त्यांनी स्वतः केला.

"आसिफा उगाच तुमच्याकडे आली," त्या म्हणाल्या. "पाटी लागली नाही तर काय बिघडतं? नाव काढून टाका, विषय संपवा."

"फुप्पी!" आसिफा ओरडलीच. "तुम्हीच असं बोलायल्या?"

प्रभावतीबाईंनी जहाजाचा एखादा फोटो आहे का विचारलं. आसिफा त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. अजीजुन्निसांच्या पलंगाशी एक चौकट होती. आत रंगवलेलं जुनं चित्र, कंपनीनं प्रवाशांना वाटलेलं. निळ्या पाण्यावर पांढरंफेक जहाज, दोन पिवळी धुराडी, पुढच्या बाजूला मोठं इंग्रजी नाव.

"लहानपणी मी याच्याकडे बघत झोपायचे," आसिफा म्हणाली. "दादाजाननं लढाईच्या आधीच आणलं होतं. बाहेरच्या कुणाला फुप्पी या खोलीत येऊ देत नाहीत."

चौकटीच्या कडीला एक चिंधी बांधली होती. वरून तपकिरी पडलेली. प्रभावतीबाईंनी चष्मा वर करून गाठीत डोकावून पाहिलं. आत रंग अजून लाल होता.

"हे काय?"

"दर्ग्याचा धागा असेल," आसिफा म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या अजीजुन्निसा चहाचे कप गोळा करायला वळल्या.

सरपंच धर्मराज वाचनालयाच्या ओट्यावर पाटी रंगवून घेत होते. पांढरा सदरा, दोन मोबाइल आणि भारी घाई.

"माझ्यावर संशय असंल तर सरळ बोला, बाई," ते म्हणाले. "मला माझ्या वडलांचं नाव द्यायचं होतं, ठरावात हरलो, हे पोरासोरांनाबी माहीत हाये. पेटीत हात मीच घातल्ता, तेबी खरं. पर मला लिहायचंच असतं तर पंधरा दिवस आधी न्हाई का लिहिलं? ठरावाच्या आधी? आता पाटीचा खर्चा करून बसलो!"

पाटीच्या कोपऱ्यात एक जहाज काढलं होतं. काळंकुट्ट, एकच धुराडं, वर तिरंगा.

"हे चित्र कुठून घेतलं?"

"पेंटरनं मनानं काढलं. मास्तरीणबाईला फोटो मागितला तर बिलकुल न्हाई म्हनाल्या. मंग काय करता!"

भागवतांनी पाटीकडे पाहून हळूच म्हटलं, "त्रेचाळीस साली तिरंगा?" प्रभावतीबाईंनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. असे क्षण वर्षातून एकदोनदाच यायचे.

कचरूचा नातू रामराव सत्तरीचा होता. त्याची बायको नंदाबाई दारात बाजरी पाखडत बसली होती. पाहुण्यांना पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"मी कशाला लिहू?" रामराव म्हणाला. "माझ्या आजोबाचं नाव पाटीवर बारीक अक्षरात खाली घातलं, याचा राग आल्ता. खोटं कशाला बोलू! पर ख्वाजाचाचानं मला खांद्यावर बसवून राजूरची जत्रा दाखवली. ते पत्र वाचल्यापासून मला घास गिळंना झालाय, बाई. मानूस असा असतो का? पन्नास वर्सं आमच्या घरी येत होता, आजीच्या पाया पडत होता!"

"तुम्ही ते जहाज कसं होतं असं ऐकलंय?"

"राखेच्या रंगाचं. आमची आजी गयाबाई सांगायची. त्याच्यावर नावबी नव्हतं, पुसून टाकलेलं. आत पाळण्यावानी झोळ्या टांगलेल्या, त्यात मानसं निजायची."

"आजीला कुणी सांगितलं?"

"लढाई सरल्यावर भोकरदनकडचा एक शिपाई आल्ता. त्याच जहाजावरचा. आजीसंगट दार लावून बसला घंटाभर. तो गेला आन् आजी दोन दिवस जेवली न्हाई, असं माझा बाप सांगायचा. तिसऱ्या दिवशी तिनंच ख्वाजाचाचाला बोलावनं धाडलं. तवापासून ते कापड आनायची रीत पडली."

"त्याच्या आधी ख्वाजामियाँ येत नसत?"

"न्हाई. मुंबईहून आल्यावर तोंड चुकवत होते म्हनं. दुःखानं असंल."

नंदाबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं. बाजरी केव्हाच साफ झाली होती, तरी ती पाखडत राहिली.

पेटी उघडली. आत कचरूचा फोटो, एक दाढीचा वस्तरा आणि लाल फेटा. फेट्याचं एक टोक आडवं फाडलेलं होतं.

"हे उंदरानं?" भागवतांनी विचारलं.

"आजेसासूनं," नंदाबाई पहिल्यांदा बोलली. "लग्नातला फेटा. आजेसासरे फौजेत निघाले तवा तिनं पट्टी फाडून त्यायच्या मनगटाला बांधली. सुखरूप माघारी यावं म्हनून."

प्रभावतीबाईंनी फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला. परतीच्या वाटेवर भागवतांनी राजूरला गाडी थांबवली.

"वहिनी, कुणी लिहिलं कळलं का?"

"कळलं. पण मला नको ते आणखी काहीतरी कळलंय, भाऊजी."

संध्याकाळी त्यांनी मुंबईला अर्पिताला फोन लावला. अर्पिता भागवतांची भाची, जुन्या जहाजांच्या नोंदींवर संशोधन करणारी. तासाभरात तिचा उलटा फोन आला.

"मामी, झरीना चाळीस सालच्या जूनमध्ये सरकारनं घेतली. गोदीत तिला महिनाभर ठेवून सगळी राखाडी रंगवली. धुराडीसुद्धा. नाव पुसलं, खिडक्या काळ्या केल्या, केबिनी तोडून झोळ्या टांगल्या. शत्रूला ओळखू येऊ नये म्हणून. बुडेपर्यंत ती तशीच होती."

"आणि आपला कचरू कधी चढला?"

"त्या तुकडीची तारीख मिळाली. त्रेचाळीसच्या फेब्रुवारीची सुरुवात."

रविवारी सकाळी पाटी लागायच्या तासभर आधी प्रभावतीबाईंनी सगळ्यांना वाचनालयात बोलावलं. पुस्तकं अजून खोक्यातच होती. रामरावाला पेटी आणायला सांगितली होती आणि आसिफाला ती चौकट. धर्मराज घड्याळ बघत होते. अजीजुन्निसा भिंतीशी ताठ बसल्या होत्या.

"पत्र खोटं आहे," प्रभावतीबाई म्हणाल्या.

आसिफानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती ढसाढसा रडायला लागली. रामरावानं "देवा गणपती!" म्हणत सुटकेचा श्वास सोडला.

"हे लिहिणारा कुणी शिपाई नव्हे. कचरू चढला तेव्हा झरीना पांढरी नव्हती. तिला राखाडी होऊन अडीच वर्षं झाली होती, नाव पुसलेलं होतं. खऱ्या शिपायानं पांढरं जहाज, पिवळी धुराडी, मोठं नाव असं कधीच लिहिलं नसतं. शिवाय या पत्राला आजची पाटी माहीत आहे. हे ताजं लिखाण आहे."

"मंग झालं तर!" धर्मराज उठले. "चला, हार आना."

"बसा," प्रभावतीबाई म्हणाल्या. मग आसिफाकडे वळल्या. "पोरी, तू मला एवढंच विचारलं होतंस. उत्तर मिळालं. इथंच थांबायचं का?"

आसिफानं डोळे पुसले. "न्हाई. कुणी लिहिलं? माझ्या दादाजानवर हा घाण आळ कुणी घेतला? मला नाव पायजे."

"बेटा, थांब ना," अजीजुन्निसा पुटपुटल्या.

"नाव पायजे, मॅडम."

प्रभावतीबाईंनी चौकट उचलून टेबलावर ठेवली. "लढाईच्या आधीचं, पांढरं जहाज ओळखणारं घर या गावात एकच. रामरावांच्या घरी ते राखेच्या रंगाचं. सरपंचांना माहीत असतं तर पाटीवर एका धुराड्याचं काळं जहाज आलं नसतं. हे चित्र आतल्या खोलीत, बाहेरचं कुणी तिथं जात नाही. आणि पेटीतल्या कापडाची घडी घालणारा हात वर्षानुवर्षं एकच आहे."

आसिफा सावकाश वळली.

"फुप्पी?"

अजीजुन्निसांनी खाली पाहिलं नाही. "हो. मी लिहिलं. डाव्या हातानं."

"तुम्ही? तुमच्या सख्ख्या बापावर? का!" आसिफाचा आवाज चिरकला. "असं खोटं का लिहिलं?"

"तोच तर प्रश्न आहे," प्रभावतीबाई हळू म्हणाल्या. त्यांना हे बोलायचं नव्हतं, हे भागवतांनासुद्धा दिसत होतं. "पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई आपल्या बापावर असा आळ का घेईल? माझ्या मते एकच कारण असू शकतं. पत्र खोटं आहे, आसिफा. पत्रातली गोष्ट खरी आहे."

त्यांनी चौकटीच्या कडीची चिंधी सोडवली. गाठ सुटली तसा आतला लाल रंग उघडा पडला. पेटीतून फेटा काढून त्यांनी त्याचं फाटकं टोक टेबलावर पसरलं आणि चिंधी त्याला लावली. वाकडीतिकडी कड धाग्याला धागा जुळली.

"अरे देवा!" रामरावानं फेट्यावर हात ठेवला.

"मनगटाची हीच पट्टी सोडून कचरूनं जाकिटाच्या तुटक्या नाडीच्या जागी बांधली होती. ते जाकीट ख्वाजामियाँनी घातलं नसतं तर ही तांबेवाडीला आली नसती."

आसिफा त्या दोन तुकड्यांकडे नुसती बघत राहिली. तिच्या तोंडाला रंग राहिला नव्हता. अजीजुन्निसा तिच्याशी बोलायला लागल्या, वर्गात धडा सांगावा तसं, सरळ.

"मरायच्या आदल्या दिवशी अब्बांनी सांगितलं. त्या गर्दीत त्यांना स्वतःचं जाकीट सापडेना. पोहायला येत होतं, पण समुद्र पाहून अक्कल गेली. समोर कचरू होता. अब्बांनी ओढलं, तो सोडेना, तेव्हा त्यांनी त्याच्या हाताला चावा घेतला. एवढंच सांगितलं. जहाजाचा रंग कोण सांगतं अशा वेळी? माझ्या डोळ्यांपुढे चित्रातलंच जहाज होतं, तेच लिहिलं. कुणाला बोलायचं नाही म्हणून माझ्याकडून कुराणावर शब्द घेतला. तीस वर्षं मी बोलले नाही. पण पाटीचा मजकूर ठरला तेव्हा तो वाचला, 'मित्रासाठी जिवाची बाजी लावणारे', आणि मला राहवेना. बोलायचं नाही असा शब्द होता. लिहिण्याचा नव्हता."

"मला तरी सांगायचं," आसिफा म्हणाली. "मी खोटं सिद्ध करायला निघाले, गावभर भांडले! मला तरी थांबवायचं!"

"तू त्यांच्या गोष्टी ऐकत झोपायचीस, बेटा. माझ्या तोंडून कसं निघणार?"

रामराव फेट्यावर हात ठेवून बसला होता. "पन्नास वर्सं," तो म्हणत होता, "पन्नास वर्सं त्यो मानूस आमच्या घरचा चहा प्याला. आजीला कळलं असतं तर..."

"आजीला माहीत होतं," प्रभावतीबाई म्हणाल्या. "नंदाबाई, मी चुकत असेन तर सांगा."

सगळे नंदाबाईकडे वळले. तिनं पदर नीट केला.

"व्हय," ती म्हणाली. "भोकरदनच्या शिपायानं समदं सांगितलं व्हतं. मरायच्या आधी आजेसासू माझ्यापाशी बोलली. म्हनली, 'नंदे, माझा तर गेलाच. ह्योबी बुडाला असता तर माझा माघारी आला असता का? दोन दिवस इचार केला, मंग बोलावलं त्याला. त्यो येतोय तवर त्याला चहा देत जा. काय झालं म्हनून कधी इचारू नको, लाजून यायचा बंद व्हईल.'"

"चाळीस वर्सं झाली तुला ठाऊक असून!" रामराव थक्क होऊन बायकोकडे पाहत राहिला. "मलाबी न्हाई सांगितलं?"

"तुमी कापलं असतं त्यायला."

अजीजुन्निसांचा ताठपणा आता गेला होता. त्या भिंतीला टेकल्या. "म्हणजे त्यांनी माफ केलं होतं?" त्यांचा आवाज ओळखू येईना. "अब्बा रात्र रात्र जागायचे. गयाबाईला कळलं तर काय होईल, म्हणून मरेपर्यंत थरथरत होते. तिला सगळं माहीत होतं, आणि अब्बांना कुणी सांगितलंच नाही?"

प्रभावतीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

बाहेर हार घेऊन आलेली माणसं कुजबुजत होती. धर्मराजांनी दोन्ही मोबाइल खिशात घातले आणि दार लोटून घेतलं. "पाटीचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात घाई नव्हती.

आसिफा उठली. तिनं चिंधी उचलली, फेट्याच्या फाटक्या टोकाला बांधली, फेटा घडी करून पेटीत ठेवला आणि त्यावर पांढरं कापड घातलं.

"गयाबाईंचं नाव घाला," ती म्हणाली. "एकट्या त्यांचंच. आणि का, ते मी स्वतः बाहेर जाऊन सांगते. सगळं सांगते."

रामराव उठला. मग पेटीचं झाकण लावायला त्यानं दुसऱ्या बाजूनं हात दिला.

आसिफा दाराशी गेली, पण पुढे पाऊल उचलेना. नंदाबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"चल, मी हाये संगट," ती म्हणाली. "आन् पुढच्या अकरा फेब्रुवारीला कापड आनायचं इसरू नको. आता तू आन. मी चहा ठिवते."